फुकटच्या बारा कोंबड्या आणि सहीची घाई

पत्र:

नमस्कार. आमच्या घरामागच्या अंगणात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. मी आणि नवरा बरेच दिवस गावाकडे जागा शोधत होतो, आता एक पसंत पडलीय. दोन एकर, जुनं पण राहण्यासारखं घर, विहीर, आणि विहिरीला लागूनच तयार खुराडं. मालक वयस्कर आहेत, म्हणतात माझ्या बारा कोंबड्या पण इथेच ठेवून जातो, पैसे नकोत. इकडे शेजारी कोंबड्याच्या आरवण्याला वैतागलेत, आधी तोंडी सांगितलं, आता लेखी तक्रार करणार म्हणतात. लोन अजून मंजूर नाही, राहतं घर पण विकायचंय, तरी नवरा म्हणतो टोकन देऊन करार उरकून टाकू म्हणजे कोंबड्यांचा प्रश्न सुटेल. मी इनक्युबेटर मागवलाय, आत्ता अंडी लावली तर तिकडे जाईपर्यंत पिल्लं मोठी होतील असा विचार. पण तीन तास गाडीतून नेताना कोंबड्या मरतात असं कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून झोप नाही. काय करू?
– घाईत अडकलेली

उत्तर:

घाईत अडकलेल्या ताई,

कोंबड्या आणि जागा हे दोन प्रश्न तुम्ही एकाच दोरीला बांधलेत आणि दोरी ओढतोय तुमचा कोंबडा. अहो, सात पक्षी एका रात्रीत तीन खोक्यांत घालून कुठेही नेता येतात, नाही जमलं तर परत आणता येतात, ओळखीत कुणाकडे महिनाभर ठेवताही येतात. जमीन एकदा नावावर झाली की झाली, तिच्या विहिरीसकट, रस्त्याच्या भांडणासकट आणि तुमच्या हप्त्यांसकट. म्हणून कोंबड्यांचा प्रश्न आहे त्या अंगणातच सोडवा आणि जागेला जो काय वेळ लागायचा तो लागू दे.

आधी कोंबडा. तो नसला तरी कोंबड्या अंडी देतात, हे तुम्हाला माहीत असणारच पण नवऱ्याला एकदा सांगून टाका, बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटंच बसलेलं असतं. तो लागतो पिल्लं काढायला आणि थोडाफार राखणीला, घार दिसली की ओरडायला. बंद अंगणातल्या सहा कोंबड्यांचं त्याच्यावाचून काही अडत नाही. खुराड्याला काळं कापड लावणं, रात्री त्याला खोक्यात ठेवणं असले उपाय लोक करतात, थोडा फरक पडतोही, पण कोंबडा फक्त उजेड बघून आरवतो असं नाहीये. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून बघितले होते, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं, तरी ते आपले पहाटेच्या सुमाराला आरवतच राहिले कारण वेळ त्यांच्या शरीरातल्या घड्याळात असते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरंच, पण इथे झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही. आवाज दाबणारे गळ्यातले पट्टे मिळतात ते मला अजिबात पटत नाहीत, घट्ट बसला तर श्वास अडतो आणि सैल ठेवला तर उपयोग शून्य.

तेव्हा त्याला मोकळ्या जागेत राहणाऱ्या ओळखीच्या कुणाकडे तरी पाठवा, काही महिन्यांसाठी किंवा कायमचा. कायमचा दिलात तरी वाईट वाटून घेऊ नका, पुढे हवा असेल तेव्हा कोंबडा मिळतो, लोक हात जोडून द्यायला तयार असतात. आणि शेजाऱ्यांकडे आजच जाऊन सांगा की तो अमुक दिवशी जातोय, लेखी तक्रार व्हायच्या आत. तुम्हाला ते घर विकायचंय ना, मग बघायला येणारा माणूस शेजारच्याला हमखास विचारतो की इथे काही त्रास वगैरे आहे का. घर दाखवायच्या आदल्या दिवशी खुराड्यातला ओला भुसा काढून कोरडा टाका, वास ओल्या विष्ठेचा येतो, कोंबडीला स्वतःला काही एवढा वास नसतो.

इनक्युबेटर मात्र खोक्यातच राहू द्या, प्लीज. अंडी उबायला २१ दिवस लागतात ते सोपं आहे, खरी नोकरी त्याच्यानंतर सुरू होते. पिल्लांना पहिला आठवडा साधारण ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, पिसं नीट भरेपर्यंत पाच-सहा आठवडे ऊब देणारा दिवा, दिव्यावर नजर, लाइट गेली की धावपळ, आणि हे सगळं तुम्ही सामान बांधताना, बँकेत चकरा मारताना, घर बघायला येणाऱ्यांना चहा करताना. शिवाय निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. एका कोंबड्यावरून तक्रार आलीय आणि तुम्ही आठ-दहा तयार करायला निघालाय! लोन लांबलं तर ते चार-पाच महिन्यांचे होऊन तुमच्या त्याच अंगणात गळा साफ करायला लागतील. लोन नाही, सही नाही आणि पिल्लांचा हिशोब चालू, बाजारात तुरी म्हणतात तसलं झालं हे. तिकडे स्थिरस्थावर झालात की एखादी कोंबडी खुडूक बसेल तेव्हा तिच्याखाली ठेवा अंडी, ती मशीनपेक्षा बरं करते.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले, ते म्हणजे विहिरीला लागूनच तयार खुराडं. ताई, ही सोय नाही हो, ही तपासायची पहिली गोष्ट आहे. एक मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते, बारांची वर्षाची धरली तर चार-पाचशे किलो होते, आणि ती किती वर्षं त्या एकाच जागी पडत आलीय कुणास ठाऊक. कोंबडीच्या विष्ठेत नायट्रोजन भरपूर, पाऊस पडला की तो नायट्रेट होऊन जमिनीतून खाली झिरपतो, बरोबर जंतूही जातात. विहिरीचा कठडा फुटका असेल किंवा उतार विहिरीकडे असेल तर तो माल सरळ तुमच्या पिण्याच्या पाण्यात. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळून तो जात नाही, उलट पाणी आटतं तसा दाट होतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना त्याच्यावर गेलेलं पाणी खरंच धोक्याचं असतं. तेव्हा सहीच्या आधी पाण्याचा नमुना लॅबमध्ये द्या, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (पाण्यात विष्ठा मिसळल्याची शंका दाखवणारे जंतू) दोन्ही बघायला सांगा. शक्यतो एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा चांगला पाऊस झाल्यावर. एवढं थांबता येत नसेल तर निदान एक रिपोर्ट हातात असल्याशिवाय टोकन देऊ नका. रिपोर्ट खराब आला तरी जागा सोडून द्यायलाच हवी असं नाही, खुराडं हलवता येतं, विहीर उपसून साफ करता येते, कठडा बांधता येतो, पण मग तो खर्च किमतीतून वजा करून मागायचा असतो आणि तो सहीच्या आधीच मागता येतो, नंतर मागायला गेलात तर मालक नुसते हसतील.

पाणी पुरतं का हा वेगळा विषय. कोंबड्यांचं काही नाही, एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, कडक उन्हात दुप्पट, म्हणजे अठरा जणींना एक बादली खूप झाली. प्रश्न तुमच्या घराचा आणि झाडांचा. उन्हाळ्याच्या शेवटी विहिरीत किती पाणी उरतं हे मालकाला नाही, आजूबाजूच्या दोन-तीन घरांत विचारा. तिथेच जाताजाता विचारून घ्या की इथे कोंबड्या कोण खातं. मुंगूस, कोल्हा, रानमांजर, का कुणाची तरी सुटी कुत्री. लोक हे अगदी रंगवून सांगतात आणि त्यात जागेची इतर माहितीही फुकट कळते, रस्ता कुणाच्या शेतातून जातो, पावसात कुठे पाणी भरतं, शेजारच्या शेतात फवारणी कधी होते, सगळं.

खुराडं स्वतः बघायला एकदा अंधार पडल्यावर जा. हे ऐकायला विचित्र वाटेल पण लाल गोचीड नावाचा जो बारीक किडा असतो ना, तो दिवसा लाकडाच्या फटीत लपतो आणि रात्री कोंबड्यांचं रक्त प्यायला बाहेर येतो, दिवसा बघितलंत तर खुराडं स्वच्छच दिसणार. टॉर्च न्या आणि कोंबड्या बसतात त्या दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरा टिश्यू पेपर ओढा, लालसर डाग आले की समजा आहेत. हा किडा उपाशीपोटी महिनोन्महिने जगतो, म्हणजे मालकांच्या कोंबड्या नेल्या आणि खुराडं दोन महिने रिकामं ठेवलं तरी तो तुमच्या सहा जणींची वाट बघत बसलेला असतो. जुनं लाकूड फटीफटीचं असेल तर माझं मत सरळ आहे, ते पाडा आणि विहिरीपासून लांब, निदान ३० मीटरवर, उताराच्या खालच्या बाजूला नवीन करा. आत एका कोंबडीला चार चौरस फूट, बाहेर फिरायला दहा, बसायच्या दांड्यावर प्रत्येकी वीस-पंचवीस सेंटिमीटर आणि चार-पाच जणींत एक अंड्याचं खोकं, एवढं पुरतं. षटकोनी भोकांची ती पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही, कुत्रं ती दातांनी फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि खाली फूटभर जमिनीत गाडा. वरच्या बाजूला वारा खेळायला जागा ठेवा, बंद खुराड्यात अमोनिया साठतो आणि मग सर्दी-खोकल्याची रांग लागते.

घर जुनं आहे म्हणालात, तर भिंतींचा रंग सोलून खाली पडतोय का तेही बघा. जुन्या रंगांत शिसं असायचं, कोंबड्या भिंतीच्या कडेलाच मातीत लोळतात, चोची मारतात, आणि ते शिसं अंड्यात उतरतं. शंका आली तर मातीची तपासणी करा आणि तोवर भिंतीलगत फिरू देऊ नका, बस.

आता त्या बारा फुकटच्या. मालक मनाने चांगले असतील, त्याबद्दल मी काही म्हणत नाही, पण म्हाताऱ्या कोंबड्यांचं करायचं काय हा त्यांचाही प्रश्न आहे आणि तो ते तुमच्या गळ्यात घालतायत. विचारा त्यांना वय. पहिली दोन वर्षं कोंबडी जोरात अंडी देते, मग दर वर्षी कमी कमी, पण जगते मात्र सहा-आठ वर्षं आणि खाते तेवढंच. एकीला दिवसाला ११० ग्रॅम धरा, बारा जणींचं महिन्याला चाळीस किलो खाद्य. अंड्यावर आहे की नाही हे ओळखायचं असेल तर मागच्या बाजूला जी दोन टोकदार हाडं हाताला लागतात त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसायला हवीत, एकच बोट बसलं तर सध्या तरी ती नुसती जेवायला आहे.

आणि खाण्याचं एक वेळ परवडेल, रोगांचं काय. दिसायला ठणठणीत कोंबडीही रोग बाळगून असते. मरेक्स नावाच्या कोंबड्यांच्या आजाराचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन्महिने टिकतो, लस दिलेली कोंबडीही तो बाहेर टाकू शकते कारण लस तिला आजारापासून वाचवते, विषाणूपासून नाही. श्वासाचे काही आजार असे की कोंबडी बरी होते पण आयुष्यभर दुसऱ्यांना देत राहते. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस कधी दिली, गेल्या वर्षभरात किती मेल्या आणि कशाने मेल्या, हे मालकांना स्पष्ट विचारा, लाजू नका. उत्तर देताना ते विषय बदलायला लागले तर तेच उत्तर समजा.

माझा सल्ला विचारलात तर बाराही त्यांना हलवायला सांगा, ताबा घ्यायच्या आधी. नसेल जमत, किंवा तुमचं मन होत नसेल, तर त्यातल्या तरुण चार-पाच ठेवा पण तुमच्या सहा जणींपासून पूर्ण महिनाभर वेगळ्या, वाऱ्याच्या दिशेलाही लांब, भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आणि रोज आधी आपल्या कोंबड्यांचं करून मग त्यांच्याकडे जायचं. कोंबडा पुन्हा आणलात तर त्यालाही हेच. महिन्यानंतर मध्ये जाळी ठेवून आठवडाभर एकमेकींना बघू दे, मग रात्री दांड्यावर शेजारी बसवा. दोन दिवस मारामाऱ्या होतील, रक्त निघत नाही तोवर मध्ये पडू नका, फक्त खाण्यापिण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा म्हणजे कुणी उपाशी राहत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे वकील लागतो आणि मी काही वकील नाही. रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर, विहीर पूर्ण मालकांची की सामायिक, मोजणी झालीय का, त्या जमिनीवर घर आणि पक्षी दोन्ही चालतात का. शेवटचं स्थानिक कार्यालयातून लेखी घ्या, बऱ्याच ठिकाणी पक्ष्यांची संख्या आणि शेजारच्या घरापासून अंतर याचे नियम असतात आणि एजंट ‘गावात कोण विचारतंय’ म्हणतो ते काही कागद नसतो. टोकन द्यायचंच झालं तर करारात लिहून घ्या की लोन नामंजूर झालं किंवा पाण्याचा रिपोर्ट खराब आला तर ते परत मिळेल. आणि जाताना मालक काय नेणार, काय ठेवणार याची यादी करारातच हवी, कोंबड्या, खुराडं, गंजके पत्रे, खाद्याचे पिंप, सगळं. ज्या व्यवहारात राहतं घर विकून पैसे उभे करायचेत तिथे नवऱ्याची घाई मला समजते हो, दोन्ही टोकं जुळवायची असतात, पण या दोन अटी टाकायला एक दिवस लागतो आणि चांगला मालक त्यांना नाही म्हणत नाही.

आता तुमची झोप. कोंबड्या तीन तासांच्या प्रवासाने मरत नाहीत, त्या मरतात उकाड्याने आणि कोंदटपणाने. त्यांना घाम येत नाही, मुख्यतः तोंड उघडून धापा टाकून अंग थंड करतात, त्यामुळे बंद डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत अर्धा तासही फार होतो. रात्री त्या दांड्यावर बसल्या की झोपाळलेल्या असतात तेव्हा उचला, दिवसा पाठलाग करून पकडलेली कोंबडी प्रवास सुरू व्हायच्या आधीच दमलेली असते. भरपूर भोकं असलेली खोकी किंवा क्रेट, एकात दोन-तीन, खाली भुसा म्हणजे पाय घसरत नाहीत, आणि पहाटे लवकर निघा. तीन तासांत खायची गरज नाही, मध्ये एकदा थांबून पाणी दाखवा किंवा काकडीचे तुकडे टाका. गाडीत खिडकी थोडी उघडी, गाण्यांचा आवाज कमी. सामानाच्या ट्रकमधून पाठवू नका, त्या तुमच्याबरोबर येऊ देत.

तिकडे खुराडं आधी तयार हवं, मगच कोंबड्या. जुनीच पाण्याची आणि खाण्याची भांडी घेऊन जा, बसायचा दांडा काढून नेता आला तर तोही न्या, पण आधी त्याच्यावर तो टिश्यू ओढून बघा, नाहीतर किडे तुम्हीच घेऊन जाल. पोचल्यावर आठवडाभर खुराडं आणि त्याला जोडलेल्या जाळीतच ठेवा, कितीही ओरडल्या तरी, म्हणजे घर कुठलं ते डोक्यात बसतं. पहिल्यांदा मोकळं सोडाल ते संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, लांब जायला वेळच मिळत नाही आणि आपोआप परततात. अंडी दोन-तीन आठवडे कमी होतील किंवा बंदच होतील, त्याच सुमाराला पिसं गळायला लागली किंवा दिवस लहान व्हायला लागले तर आणखी लांबेल, त्यावर औषधं वगैरे देऊ नका, खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा नेहमीसारखा चालू ठेवा. आणि महिना उलटला, तुरे लाल आहेत, कोंबड्या आनंदात आहेत आणि तरी खोक्यात एकही अंडं नाही असं झालं तर डॉक्टरला फोन करायच्या आधी कुंपणाकडेची झुडपं धुंडाळा, मोकळी जागा मिळाली की पहिल्यांदा त्या तिथेच घालतात.